पाण्याच्या तासाला गैरहजर

आमच्या शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गणिताचा राहिलेला भाग पुरा करायचा तास. गणिताचे सर दारात येऊन "बाई, जरा पाच मिनिटं" म्हणायचे, आणि घंटा होईपर्यंत मी स्टाफरूममध्ये मोडके खडू निवडत बसायचे. माझी सगळी नोकरी खडू निवडण्यात गेली. निरोपाच्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझ्या रंगसंगतीचं तोंड भरून कौतुक केलं. कपड्यांच्या रंगसंगतीचं. माझ्या वर्गातलं एकही चित्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही, पण मी देते.

निवृत्त होऊन मी घरात बसले तर आपलं काही खरं नाही, हे माझ्या नवऱ्याने लगेच ओळखलं. तो घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावून दिवसभर टेबलाशी बसतो आणि मी बोलायला लागले की भिंगाचा डोळा माझ्याकडे वळवतो, म्हणजे मी त्याला धड दिसत नाही. त्यानेच एक दिवस म्हटलं, "तुला दरवर्षी त्या स्पर्धेचा राग येतो ना? मग जा की त्यांच्याकडे. त्यांच्या डोक्याला ताप दे. माझ्या कशाला?"

ती स्पर्धा म्हणजे शाळांची निसर्गचित्र स्पर्धा. उद्यान विभाग ती भरवायचा आणि दरवर्षी ती सभागृहात व्हायची. विषय 'निसर्गाचे सौंदर्य', आणि कागद उडतात म्हणून खिडक्या बंद. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून पडदेही ओढलेले. सभागृहामागे एक चांगलं डेरेदार झाड होतं, ते कुणाला दिसू नये अशी चोख व्यवस्था होती. ट्यूबलाइटच्या उजेडात पोरं खाली मान घालून सूर्योदय काढायची, आणि परीक्षक म्हणून रांगांमधून फिरताना माझं पित्त खवळायचं.

मला फार काही नको होतं. एखाद्या पोराने कागदावरून मान वर करावी, समोर काय आहे ते बघावं आणि जे दिसलं ते काढावं. एका तरी पोराने. उभ्या नोकरीत मला हे एकदाही बघायला मिळालं नव्हतं, आणि ते न बघता मरायची माझी अजिबात तयारी नव्हती.

म्हणून मी हात धुऊन उद्यान अधिकाऱ्यांच्या मागे लागले. माणूस भला होता. निर्णय घ्यायचा म्हटलं की मात्र तो फाइल शोधायला लागायचा. त्याच्या टेबलावर कुंडीत प्लास्टिकचं रोप होतं. मी त्या रोपाकडे बघतेय हे पाहून तो ओशाळला.

"खऱ्याला पाणी घालावं लागतं हो, बाई."

"मुलांना तळ्याकाठी बसवा," मी म्हटलं. "बागेत तुमचं एवढं तळं आहे, बदकं आहेत, झाडं आहेत. तिथे बसून समोरचं काढू द्या."

"बागेत किडे असतात."

"असणारच. बाग आहे ती."

"पालक तक्रार करतील."

"ते सभागृहातही करतात."

"आणि पाऊस आला तर?"

"भिजतील. मग वाळतील."

त्याने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, जणू मी मुलांना तळ्यात बुडवायचीच परवानगी मागतेय. पण मी रोज जात राहिले. त्याच्या शिपायाला माझा चहा किती साखरेचा ते पाठ झालं, तेव्हा साहेबांनी हार मानली. "यंदा एकदाच," तो म्हणाला. "गोंधळ झाला तर पुन्हा सभागृह. मग माझ्याकडे यायचं नाही." मी कबूल केलं. कबूल करताना मला कल्पना नव्हती की गोंधळ घालायचं काम तो दुसऱ्या कुणावर सोपवणार नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर औषधांच्या दुकानवाली राहते. तिची मुलगी शाळा सुटल्यावर आई घरी येईपर्यंत आमच्याकडे असते. वय नऊ, पुढचे दोन दात मोठे, म्हणून सगळे तिला खारू म्हणतात आणि तिलाही ते आवडतं. तिच्याकडूनच मला कळलं, की स्पर्धा तळ्याकाठी होणार हे जाहीर झाल्याबरोबर शेडिंग सरांनी तळ्याचा कोर्स सुरू केला होता.

शेडिंग सर म्हणजे टायरच्या दुकानावरच्या माडीवर चित्रकलेचा क्लास चालवणारा गृहस्थ. दर दोन वाक्यांना 'शेडिंग' म्हणतो, म्हणून हे नाव. बक्षिसं घ्यायची तर त्याच्याकडेच जायचं, असा पालकांत बोलबाला. जिन्यापासून माडीपर्यंत बक्षीस मिळालेली चित्रं लावलेली आहेत, आणि ती सगळी एकाच मुलाने काढल्यासारखी दिसतात. सर स्कूटरवरून तळ्याशी गेले, स्कूटर बंदही न करता मोबाइलवर एक फोटो काढला आणि परत आले. त्या फोटोचे त्यांनी भाग पाडले. एक आठवडा आकाश, एक आठवडा झाडं, एक आठवडा बदकं, एक आठवडा पाणी. शेवटी नुसता वेग.

"बदक म्हणजे आधी दोनाचा आकडा," खारूने मला माझ्याच स्वयंपाकघरात शिकवलं. "मग चोच. मग शेडिंग. उडणारे पक्षी सोपे असतात, आजी. बरोबरची खूण असते ना वहीत, तशा चार-पाच करायच्या."

"तू पक्षी उडताना बघितलायस का कधी?"

"हो. पण ते बरोबरसारखे दिसत नाहीत. सर म्हणाले, ते त्यांचं बघतील, तुम्ही तुमचं बघा."

मी चप्पल घातली आणि तडक माडीवर गेले. पोरं खाली मान घालून एका सुरात आडव्या रेघा ओढत होती. सर मधून फिरत 'लाट, लाट, लाट, बास' असं म्हणत होते. मी त्यांना जिन्यात बोलावलं.

"सर, स्पर्धा समोर बघून काढायची आहे. नियमच आहे तसा."

"म्हणूनच तर तयारी करून घेतोय, मॅडम," ते अगदी मनापासून म्हणाले. "आयत्या वेळी पोरं समोर बघत बसली तर चित्र कधी पुरं होणार?"

मी जिना उतरले. खाली टायरवाला एका टायरमध्ये हवा भरत होता आणि ती हवा निदान खरी होती.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी लवकर बागेत पोचले. फाटकाशी उद्यान अधिकारी उभे होते. इस्त्रीचे कपडे, छातीवर बिल्ला, चेहऱ्यावर लग्नघरातल्या यजमानाचा आनंद.

"बाई, तुमच्यासाठी सरप्राइज आहे! मुलांना स्वच्छ निसर्ग मिळाला पाहिजे असं मी ठरवलं. तळं साफ करायला घेतलं."

"म्हणजे काय केलं?"

"पाणी काढलं."

तळ्यात पाणी नव्हतं. पाणी काढून झाल्यावर गाळ उपसायचा होता, पण गाळ उपसायचं यंत्र बंद पडलं आणि ते दुरुस्त करणारा माणूस सुट्टीवर गेला. त्यामुळे बागेच्या मधोमध भला मोठा चिखल पसरला होता. चिखलात एक सायकल आडवी पडलेली, गंजून लाल झालेली. एक खुर्ची, एक छत्री, एकच बूट. बदकं काठावर उभी राहून खाली बघत होती. घरातलं सामान हलवल्यावर बायका रिकाम्या खोलीकडे बघतात, अगदी तशी.

मी कपाळाला हात लावला. आणि खरं सांगते, दुसऱ्याच क्षणी मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता शेडिंग सरांचं तळं कुठून आणणार? आता पोरांना बघावंच लागेल. यंत्र दुरुस्त करणाऱ्याला मी मनातल्या मनात आणखी आठवडाभराची सुट्टी दिली.

मुलं आली, आणि मुलांबरोबर पालक आले. पालकांबरोबर घडीच्या खुर्च्या, छत्र्या, डास पळवायचं मलम, ओले रुमाल, पाण्याच्या बाटल्या, ब्रश धुवायला वेगळ्या बाटल्या. एका वडिलांनी गवतावर ताडपत्री घातली, ताडपत्रीवर सतरंजी, सतरंजीवर उशी, आणि उशीवर मुलाला बसवून म्हणाले, "घे, बस निसर्गात." एका आईने आपल्या मुलीच्या आसपासच्या जागेवर फवारा मारला. मुंग्या मेल्या. मुलगी बघायला वाकली तर आई म्हणाली, "घाण असते, हात लावू नकोस." पालकांनी दोरीबाहेर थांबायचं असा नियम होता. ते दोरीबाहेर थांबले आणि दोरी ओढत ओढत पुढे आणली.

मग शेडिंग सर आले. त्यांनी चिखलाकडे बघितलं, एक क्षणभर. मी त्यांच्या चेहऱ्याकडे आशेने बघत होते. त्यांनी घड्याळ बघितलं, सूर्य बघितला आणि टाळ्या वाजवल्या.

"उजेड डावीकडून! सगळ्यांनी उजेड डावीकडून घ्यायचा! नाहीतर हाताची सावली कागदावर पडते."

हा नियम खरा आहे, मीही तो शिकवलाय. पण त्या वेळी सूर्य जिथे होता, तिथून डावीकडून उजेड घ्यायचा तर तळ्याकडे पाठ करूनच बसावं लागत होतं. सगळी फौज वळली. समोर कंपाउंडची भिंत आणि भिंतीवर 'येथे कचरा टाकू नये'. घंटा झाली. पोरांनी भिंतीसमोर बसून निळं तळं काढायला सुरुवात केली. तीन लाटा, बास. दोनाचे आकडे. आकाशात बरोबरच्या खुणा.

एका मुलाला मागून बदक ओरडलं म्हणून त्याने वळून बघितलं. माझा जीव हरखला. लगेच दोरीपलीकडून आईचा आवाज आला, "इकडेतिकडे काय बघतोयस? चित्राकडे लक्ष दे!" मुलाने मान खाली घातली आणि बदकाला शेडिंग केलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी झाडाखाली जाऊन बसले. आपलं काय चुकलं याचा विचार करायचा माझा स्वभाव नाही, त्यामुळे बाकी कुणाचं काय काय चुकलं याची उजळणी करत बसले. पुढच्या वर्षी पुन्हा सभागृह. पुन्हा पडदे. इतकं करून तोंडाला पानंच पुसली गेली म्हणायची.

तेवढ्यात खारू दिसली.

ती रांगेच्या टोकाला बसली होती. तिचं आकाश झालं होतं, झाडं झाली होती, अगदी सरांनी शिकवल्यासारखी. आणि कागदाच्या मधोमध पांढरी जागा तशीच होती. ती हातात ब्रश धरून त्या पांढऱ्या जागेकडे बघत बसली होती. दोरीपलीकडून तिच्या आईने हाताने लाटा करून दाखवल्या. खारूने नाही म्हणून मान हलवली. आईने पुन्हा लाटा केल्या, मोठ्या. खारूचा चेहरा रडवेला झाला.

आणि मग ती वळली. नुसती मान नाही, अख्खी वळली. कागद, पॅड, रंग सगळं उचलून तळ्याकडे तोंड करून बसली आणि बघायला लागली. किती तरी वेळ तिने ब्रश पाण्यात बुडवलाच नाही. मग बुडवला, एक पट्टा ओढला, मान वर केली, पुन्हा बघितलं, मान तिरकी केली, तोंड वाकडं केलं आणि रंगात आणखी काहीतरी मिसळलं. पुन्हा मान वर. पुन्हा कागद. मध्येच उठून ती काठापर्यंत गेली, उकिडवी बसली, सायकलीत काहीतरी निरखलं आणि पळत परत आली. तिची आई दोरीपलीकडून "खारू! खारू!" करून कुजबुजत ओरडत होती. तिला ऐकूच येत नव्हतं.

मी झाडाखाली बसून रडले. सांगायला लाज कसली? एवढ्या वर्षांत जे बघायचं होतं ते मी बघत होते.

परीक्षक आम्ही तिघं. मी, उद्यान अधिकारी आणि एक दातांचे डॉक्टर. डॉक्टरांनी स्पर्धेला रंगपेट्या दिल्या होत्या, म्हणून त्यांना चित्रातलं कळतं असं ठरलं होतं. ते प्रत्येक चित्र उचलून उजेडासमोर धरून बघायचे, बहुतेक सवयीने. पन्नासेक निळी तळी झाल्यावर ते म्हणाले, "दर्जा एकसारखा आहे." मग खारूचं चित्र आलं.

आकाश तेच, झाडं तीच. पण मध्ये चिखल होता. असा चिखल मी कुणाच्याही कागदावर पाहिला नव्हता. तो तपकिरी नव्हता. जांभळट होता, मध्येच हिरवट, कडेला वाळून करडा झालेला, आणि जिथे ओल होती तिथे आकाशाचा एक तुकडा सांडलेला. त्यात लाल सायकल, चाकाच्या आऱ्यांत अडकलेला चिखल, आणि काठावर बदकं. ती दोनाच्या आकड्यासारखी नव्हती. ती फसवल्यासारखी दिसत होती.

"हे हिरड्यांसारखं दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे वाईट नाही. जिवंत वाटतंय."

उद्यान अधिकाऱ्यांचा चेहरा पडला. "हे बाजूला ठेवा. विभागाची बदनामी आहे ही. सायकल काढायची काय गरज होती?"

"सायकल आहे तिथे."

"आहे म्हणून काय झालं? निसर्गचित्र आहे ना हे? सायकल निसर्गात येते का?"

भांडायची ही वेळ नव्हती, हे मला कळलं. मी आवाजात साखर घोळली. "साहेब, जरा विचार करा. तुम्ही एवढं तळं रिकामं केलंत. एवढे कष्ट. आणि या बाकीच्या पोरांनी काय केलं? पाणी तसंच्या तसं दाखवलं. तुमचं काम कुणाच्या डोळ्यातही भरलं नाही. या एकट्या मुलीने तुमची साफसफाई कागदावर आणली."

साहेबांनी चित्र पुन्हा हातात घेतलं. जरा लांब धरलं. "हां," ते म्हणाले. "तसं बघितलं तर..."

अशा रीतीने खारूला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस देताना साहेबांनी भाषण केलं, की स्वच्छता मोहिमेची दखल लहान मुलंही घेतात याचं त्यांना समाधान आहे, आणि यापुढे दरवर्षी स्पर्धा तळ्याकाठीच होईल. चित्रकलेबद्दल ते काहीच बोलले नाहीत, पण मला तेवढं पुरेसं होतं. माझा जीव भांड्यात पडला.

खारूची आई मात्र लाल झाली होती. रागाने नव्हे, लाजेने. "काकू, सगळ्यांच्या पोरांनी किती सुंदर पाणी काढलंय, आणि आमच्या पोरीने चिखल! लोक काय म्हणतील? घरी काय चिखलच बघते का ही?" तिला खरोखर वाटत होतं, की मी दया म्हणून बक्षीस दिलं.

मी खारूला बाजूला घेतलं. मला ऐकायचं होतं. मी जन्मभर जे सांगू पाहत होते ते या पोरीला आपोआप कसं कळलं, हे तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"खारू, सगळे भिंतीकडे तोंड करून बसले होते. तू का वळलीस गं?"

तिने आजूबाजूला बघितलं. मग हळूच म्हणाली, "सरांना सांगू नका, आजी. पाणी शिकवलं तेव्हा मला कांजिण्या झाल्या होत्या ना. मी क्लासला नव्हते. मला पाणी येतच नाही."

"मग?"

"मग काय? बघावं लागलं."

एवढी वर्षं मी नोकरी केली, आणि जे मला जमलं नाही ते कांजिण्यांनी आठवडाभरात केलं.

"पण मजा आली," ती म्हणाली. आता तिचा चेहरा उजळला होता. "चिखल तपकिरी नसतो, आजी. तुम्हाला माहितीये? मला वाटायचं असतो. आणि सायकलच्या सीटखाली एक बेडूक होता. तो मला काढता आला नाही, तो सारखा श्वास घेत होता."

त्यानंतर काही रविवार आम्ही दोघी बाहेर पडायचो. लांब कुठे नाही, इमारतीच्या मागे. तिने गळका पाइप काढला, त्याच्याखाली वाढलेलं शेवाळ काढलं, स्कूटरच्या सीटवर झोपलेली मांजर काढली. भिंतीची सावली काळी नसून निळसर असते हे तिने मला दाखवलं, आणि मला ते आधीपासून ठाऊक होतं हे मी तिला कळू दिलं नाही. माझा नवरा वरून खिडकीतून बघायचा. एकदा तर भिंग काढून बघितलं त्याने. मी इतकी गप्प आणि इतकी खूश त्याने कधी पाहिली नव्हती.

मग एका रविवारी खारू आली नाही. तिची आई आली. आता तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, वेगळंच तेज होतं.

"काकू, रविवारी आता तिला जमणार नाही. सरांनी विशेष वर्ग सुरू केलाय. चिखलाचा."

"कशाचा?"

"चिखलाचा. यंदा पहिलं बक्षीस चिखलाला मिळालं ना, तर सगळे पालक म्हणाले की आमच्या मुलांनाही चिखल आला पाहिजे. सरांनी खारूचंच चित्र भिंतीवर लावलंय. आधी तपकिरी, मग जांभळ्याचा हात, मग उजव्या कोपऱ्यात सायकल. तिचाच चिखल शिकवतात, मग तीच नसली तर कसं दिसेल? सर तिला पुढे बसवतात. म्हणतात, हिच्याकडे बघून काढा."

मी म्हटलं, तिला बाहेर बसून काढू दे, नुसतं बघू दे, तिचा हात चांगला आहे, डोळा त्याहून चांगला आहे. ती हसली. समजूत काढायच्या सुरात म्हणाली, "बाहेरच तर काढायचंय, काकू. स्पर्धा बाहेरच असते."

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेला मी गेले. न जाऊन सांगते कुणाला, परीक्षक होते मी. यंत्र दुरुस्त झालं होतं, गाळ उपसला होता, तळं काठोकाठ भरलं होतं. इतकं पाणी मी त्या तळ्यात कधीच पाहिलं नव्हतं. पाण्यात झाडं उलटी दिसत होती. बदकं पोहत होती, आणि त्यांच्यामागे तीनपेक्षा पुष्कळ जास्त लाटा उठत होत्या. साहेबांनी एक कारंजंही बसवलं होतं.

आणि त्या सगळ्याकडे पाठ करून, डावीकडून उजेड घेऊन, पोरं भिंतीसमोर चिखल काढत होती. आधी तपकिरी. मग जांभळ्याचा हात. मग उजव्या कोपऱ्यात सायकल. सगळ्या सायकली लाल, सगळ्या एकाच बाजूला पडलेल्या. दोरीपलीकडून एक आई ओरडत होती, "जांभळा! जांभळा राहिला तुझा!"

खारू पहिल्या रांगेत बसली होती. वर्षभरात उंच झाली होती. तिचा हात भरभर चालला होता, कुठे अडत नव्हता. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"खारू," मी म्हटलं, "मागे बघ."

"काय आहे?"

"तळं भरलंय."

"हो ना. येताना आई म्हणाली." ब्रश थांबला नाही. चिखलाच्या कडेला तिने करडा ओढला, अगदी बरोबर जागी.

"त्यात झाडं उलटी दिसतायत. एकदा वळून बघ तरी."

"आजी, मध्ये उभ्या राहू नका ना."

"एकदाच. माझ्यासाठी."

तेव्हा तिने मान वर केली. पण तळ्याकडे नाही, माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता, उर्मटपणा नव्हता. म्हाताऱ्या माणसाला जुनी गोष्ट पुन्हा समजावून सांगावी तसं प्रेमाने तिने मला सांगितलं, "आता बघावं लागत नाही, आजी. आता मला येतं."

मी बाजूला झाले. संध्याकाळी डॉक्टरांनी एकेक चिखल उजेडासमोर धरला आणि दर्जा एकसारखा असल्याचं सांगितलं. साहेबांना कारंजं एकाही चित्रात न दिसल्याचं फार वाईट वाटलं. पहिलं बक्षीस खारूलाच द्यावं लागलं, कारण सगळ्यांत तिचाच चिखल हुबेहूब होता.